‘जस्ट’ नेमका कुठे बसतो?

या वेळचं पत्र थोडं कापून देते आहे.

«ताई, मला इंग्रजी वाचता येतं, लिहिताही येतं. पण कामानिमित्त हल्ली परदेशातल्या सहकाऱ्यांशी रोज संबंध येतो आणि तिथे एका टीचभर शब्दाने माझी दाणादाण उडवली आहे. तो शब्द म्हणजे ‘जस्ट’. गेल्या महिन्यात एका योजनेवर सगळ्यांची मतं मागवली होती. मला ती योजना अजिबात आवडली नव्हती, म्हणून मी लिहिलं: ‘आय डोन्ट जस्ट लाइक धिस प्लॅन.’ त्यावर एकाने आभार मानले, दुसऱ्याने टाळ्यांचं चित्र पाठवलं, आणि आता ती योजना पुढे न्यायची जबाबदारी माझ्याच गळ्यात पडली आहे. मग दक्षिण आफ्रिकेतली एक सहकारी म्हणाली, ‘आय विल डू इट जस्ट नाऊ.’ मी दोन तास पडद्यासमोर बसून राहिले. आणि परवा साहेबांनी मला एवढंच लिहिलं: ‘जस्ट सेंड इट.’ माझा सगळा दिवस खराब गेला. मी त्यांना फक्त तिसऱ्यांदा विचारलं होतं की एकदा तपासून पाठवू का! शब्दकोश उघडला तर तिथे फक्त, नुकताच, अगदी, जेमतेम आणि न्यायी असे पाच अर्थ. एकाचा दुसऱ्याशी काडीचा संबंध नाही. यातला कोणता पाठ करू? — तुमची, जस्टग्रस्त»

प्रिय जस्टग्रस्त,

काहीही पाठ करू नका. ते पाच अर्थ तुम्ही पाठ केलेले आहेतच, पत्रात न चुकता उतरवून दिलेत, तरी योजना गळ्यात पडायची ती पडलीच. तुमची अडचण अर्थाची नाही, जागेची आहे. पण त्याआधी एक गोष्ट, कारण ‘एकाचा दुसऱ्याशी काडीचा संबंध नाही’ हे मला मान्य नाही. संबंध आहे, आणि चांगला जवळचा आहे.

लॅटिनमध्ये ‘यूस’ म्हणजे कायदा, आणि ‘यूस्तुस’ म्हणजे कायद्याला धरून असलेला. तो शब्द फ्रेंचमार्गे १४व्या शतकात इंग्रजीत आला तेव्हा त्याचा अर्थ होता न्याय्य, योग्य. ‘जस्टिस’ त्याच घरातला. आता जे योग्य ते मापात बसतं, इंचभर इकडे नाही, इंचभर तिकडे नाही. म्हणून लवकरच ‘जस्ट’ला दुसरा अर्थ चिकटला: नेमकं, बरोबर. इथपर्यंत आपल्याला नवल वाटायचं कारण नाही. आपला ‘बरोबर’ बघा ना. ‘उत्तर बरोबर आहे’, ‘बरोबर पाच वाजता ये’ आणि ‘माझ्याबरोबर चल’, तिन्ही एकाच शब्दात आपण बिनदिक्कत सांगतो आणि कुणाचा गोंधळ होत नाही. (संगणकावर मजकुराच्या दोन्ही कडा सरळ रेषेत आणणाऱ्या बटणाला ‘जस्टिफाय’ म्हणतात, तेही याच ‘मापात बसवणे’ अर्थाचं शिल्लक राहिलेलं पोर.)

पुढची गंमत ‘नेमकं’ या अर्थाला पाय फुटल्यावर झाली. नेमकं एवढंच, म्हणजे जास्त नाही, झाला ‘फक्त’. नेमकं काठावर, म्हणजे थोडक्यात वाचलं, झाला ‘जेमतेम’. नेमकं या क्षणाला लागून, म्हणजे फार वेळ झाला नाही, झाला ‘नुकताच’. १७व्या शतकात ‘केवळ’ हा अर्थ इंग्रजीत दिसू लागला होता. म्हणजे तुमच्या पाच अर्थांमधला प्रत्येक जण एकच काम करतोय: पट्टी लावून शेजारचा जास्तीचा भाग छाटतोय. वेळ छाटतो, संख्या छाटतो, महत्त्व छाटतो, अंतर छाटतो. वाक्यात ‘जस्ट’ दिसला की ‘याचा अर्थ काय’ हे विचारू नका. ‘हा इथे काय छाटतोय’ हे विचारा.

आणि ही पट्टी तुमच्याकडे लहानपणापासून आहे. तिचं नाव ‘च’.

बोलून बघा. ‘आत्ताच आला’: ‘ही हॅज जस्ट अराइव्ह्ड’. ‘एवढंच?’: ‘जस्ट धिस?’ ‘तुझ्यासारखंच’: ‘जस्ट लाइक यू’. ‘निघतेच आहे’: ‘आय ॲम जस्ट लीव्हिंग’. ‘तुला फोन करणारच होते’: ‘आय वॉज जस्ट अबाउट टू कॉल यू’. ‘मला कळतच नाही’: ‘आय जस्ट डोन्ट अंडरस्टँड’. होऊन गेलेलं, होत असलेलं, होणार असलेलं, न होणारं, सगळीकडे आपला एकाक्षरी ‘च’ हजर. मराठी शिकणारा एखादा परदेशी माणूस या ‘च’बद्दल मला असंच हताश पत्र लिहू शकेल, आणि शब्दकोश त्यालाही पाच अर्थ देईल.

आता सावधगिरीचे दोन शब्द, नाहीतर तुम्ही प्रत्येक ‘च’च्या जागी ‘जस्ट’ ठोकाल. ‘च’ शब्दाच्या पाठीला चिकटतो, ‘जस्ट’ शब्दाच्या तोंडापुढे उभा राहतो. हे सोपं आहे. दुसरं जरा अवघड. ‘तूच केलंस’ यातला ‘च’ छाटत नाही, तो बोट दाखवतो. दुसरं कुणी नाही, तू. तिथे ‘जस्ट यू डिड इट’ म्हणून चालत नाही. इंग्रजी माणूस आवाजाचा जोर ‘यू’वर टाकतो, किंवा ‘इट वॉज यू’ असं वाक्यच फिरवतो. आपल्याकडे या बोट दाखवणाऱ्या ‘च’साठी ‘ओन्ली’ शेवटी लावायची सवय आहे: ‘आय ॲम कमिंग टुडे ओन्ली’, ‘आय ॲम हिअर ओन्ली’. आपल्याआपल्यात ते सगळ्यांना कळतं आणि मला त्याची लाज वाटत नाही. पण बाहेरच्या माणसाला ‘आय ॲम हिअर ओन्ली’ ऐकून प्रश्न पडतो की ही बाई आणखी किती ठिकाणी असणार होती.

आता तुमच्या योजनेकडे.

तुम्हाला म्हणायचं होतं ‘आवडतच नाही’. ‘च’ लक्षात ठेवून ‘जस्ट’ आणलात, अगदी योग्य शब्द आणलात. तो ‘डोन्ट’च्या आधी ठेवायचा होता, तुम्ही नंतर ठेवलात. एवढाच फरक, आणि अर्थ उलटा झाला.

‘आय जस्ट डोन्ट लाइक इट.’ इथे ‘जस्ट’ आधी आहे, तो पुढच्या अख्ख्या ‘डोन्ट लाइक’वर बसलाय. नावडण्याच्या आजूबाजूचं सगळं छाटलं: कारण विचारू नका, चर्चा नको, आवडत नाही म्हणजे नाही. आपलं ‘आवडतच नाही’.

‘आय डोन्ट जस्ट लाइक इट.’ इथे ‘डोन्ट’ आधी आहे, आणि तो ‘जस्ट लाइक’ला नकार देतोय. ‘जस्ट लाइक’ म्हणजे नुसतं आवडणं. मग वाक्य झालं: मला हे नुसतं आवडतं असं नाही. ऐकणारा कान टवकारून पुढचा भाग ऐकायला थांबतो: तर मी यावर फिदा आहे! तुम्ही पुढचा भाग लिहिला नाहीत. तो त्यांनी मनातल्या मनात पुरा केला, आणि टाळ्यांचं चित्र पाठवलं. त्यांचा दोष नाही हो.

‘नकार’ आणि ‘जस्ट’ यांच्यात जो आधी येतो तो पुढच्यावर राज्य करतो. हे एवढं एकदा अंगात मुरलं की अर्धी लढाई संपली. ‘ही इज नॉट जस्ट अ क्लार्क’: तो नुसता कारकून नाही, आणखी काहीतरी आहे. ‘आय ॲम नॉट जस्ट सेइंग इट’: तोंडदेखलं म्हणत नाहीये, खरंच म्हणतेय. ‘आय जस्ट कान्ट’: नाहीच जमत मला. ‘डोन्ट जस्ट स्टँड देअर!’: नुसता उभा राहू नकोस, हात लाव. या शेवटच्या वाक्यातला ‘जस्ट’ काढून बघा, ‘डोन्ट स्टँड देअर’. आता अर्थ होतो तिथे उभा राहू नकोस, दुसरीकडे जा. मदतीला बोलावणारं वाक्य हाकलून देणारं झालं.

जागेचाच आणखी एक मासला, कारण तुमचा पाचवा अर्थ, ‘न्यायी’, अनाथ राहायला नको. ‘अ जस्ट डिसिजन’ आणि ‘जस्ट अ डिसिजन’. शब्द तेच तीन. पहिल्यात ‘जस्ट’ आत, ‘अ’ आणि नामाच्या मध्ये, म्हणून तो विशेषण: न्याय्य निर्णय. दुसऱ्यात तो उंबऱ्याबाहेर, ‘अ’च्याही आधी: फक्त एक निर्णय, त्यात काय एवढं. दोन्हींमध्ये माणसाच्या आयुष्याचा फरक पडू शकतो. बोलताना कानालाही खूण मिळते. न्याय्य अर्थाचा ‘जस्ट’ सहसा ठसठशीत, पूर्ण उच्चारला जातो. बाकीचे ‘जस्ट’ घाईत असतात. त्यांचा ‘ट’ पुढच्या व्यंजनात विरून जातो आणि ‘जस् नाऊ’, ‘जस् डू इट’ असं काहीतरी कानावर येतं. चित्रपटातले संवाद ऐकताना तुम्हाला हा शब्द सापडत नसेल तर तो बहुधा याच कारणाने. तो तिथे असतो, फक्त अर्धा गिळलेला.

वेळेबद्दल. ‘नुकताच’ या अर्थी ‘जस्ट’ वापरताना ब्रिटिश वळणाची पुस्तकं ‘हॅव’ मागतात: ‘आय हॅव जस्ट ईटन’. अमेरिकेत सर्रास ‘आय जस्ट एट’ म्हणतात. दोन्ही बरोबर. परीक्षा द्यायची असेल तर ती कोणत्या वळणाची आहे ते बघा, नाहीतर समोरचा जसं बोलतो तसं बोला. यावर वाद घालणारे लोक भेटतील, त्यांना चहा पाजा आणि वाद सोडून द्या.

‘जस्ट नाऊ’ मात्र खरोखर भोवरा आहे आणि त्यात तुम्ही बुडालात यात तुमची काहीच चूक नाही. ‘ही वॉज हिअर जस्ट नाऊ’ म्हणजे आत्ताच, थोड्या वेळापूर्वी इथे होता. ‘आय ॲम बिझी जस्ट नाऊ’ म्हणजे या घडीला. हे दोन बहुतेक ठिकाणी चालतात. पण दक्षिण आफ्रिकेच्या इंग्रजीत ‘जस्ट नाऊ’ म्हणजे नंतर कधीतरी, होईल तेव्हा. तिथे लवकर व्हायचं असेल तर ‘नाऊ नाऊ’ म्हणतात, आणि तेसुद्धा या मिनिटाला असं नाहीच, थोड्या वेळात. तुमच्या सहकारीने शब्द पाळला असणार. तिच्या शब्दाची मुदतच लांब होती. आपल्या ‘आलोच’चा स्वभाव साधारण असाच आहे. ‘आलोच’ म्हणणारा माणूस अजून घरात मोजे शोधत असतो हे आपल्याला ठाऊक असतं, म्हणून आपण रागवत नाही. परक्या भाषेतला ‘आलोच’ ओळखू येत नाही, एवढंच.

तुम्ही स्वतः मात्र भविष्याबद्दल बोलताना ‘जस्ट नाऊ’ टाळा. ‘आय विल सेंड इट जस्ट नाऊ’ आपल्याकडे खूप ऐकू येतं, बाहेर ते अडखळवतं. ‘राइट नाऊ’ म्हणा, ‘राइट अवे’ म्हणा, आणि सगळ्यात उत्तम म्हणजे घड्याळातली वेळ सांगा. ‘बाय फोर’ या दोन शब्दांचा अर्थ सगळ्या जगात एकच आहे. (कोणत्या देशातले चार, हा मात्र वेगळा प्रश्न.)

आणि आता साहेब. इथे मला थोडं थांबायचं आहे, कारण दिवस खराब गेला असं तुम्ही लिहिलंत.

‘जस्ट सेंड इट’ हे वाक्य तीन स्वरांत म्हणता येतं, आणि लिहिल्यावर तिन्ही स्वर पुसले जातात. चिडून: पाठव एकदाचं! समजावून: अगं पाठवून टाक. आणि अगदी कोरडेपणाने: नुसतं पाठव, सोबत काही लिहू नकोस. मराठीत या तिघांना आपण वेगवेगळे कपडे घालतो. ‘एकदाचं’ लावलं की वैताग दिसतो, ‘नुसतं’ लावलं की मर्यादा दिसते, आणि ‘टाक’ लावलं की माया दिसते. हो, मायाच. ‘सांगून टाक’, ‘देऊन टाक’, ‘करून टाक’ यांत समोरच्याच्या डोक्यावरचं ओझं उतरवायची घाई असते. इंग्रजीकडे हे ‘टाक’ नाही. त्या जागी बिचारा ‘जस्ट’ येतो. ‘जस्ट टेल हर’: सांगून टाक तिला. ‘जस्ट आस्क’: विचारून टाक ना. ‘जस्ट गो टू बेड’: जा झोप, उद्या बघू.

तुम्ही तिसऱ्यांदा ‘तपासून पाठवू का’ विचारल्यावर साहेबांनी काय छाटलं असेल? तुमचं तपासणं. म्हणजे: आहे तसं पाठव, झालंय ते पुरेसं आहे. मी त्यांना ओळखत नाही, वैतागलेही असतील. तिसऱ्यांदा विचारल्यावर मीही वैतागले असते. पण त्या शब्दात अपमान नाही. त्या शब्दात ‘टाक’ आहे.

बोलण्यात याच ‘जस्ट’ला आपला ‘जरा’ शोभतो. ‘कुड यू जस्ट होल्ड धिस?’ म्हणजे ‘हे जरा धरता का?’ विनंती लहान करून दाखवली, कामाचा भार छाटला. आणि ‘विल यू जस्ट लिसन!’ म्हणजे ‘जरा ऐकून घेशील का!’ इथे तोच ‘जरा’ दात ओठ खातोय. बघा, आपला ‘जरा’ही एकाच वेळी मऊ आणि टोकदार आहे. मऊ कधी आणि टोकदार कधी, हे तुम्हाला कुणी शिकवलं नाही, तुम्ही आवाजावरून ओळखता. इंग्रजीतही आवाजच ऐका. लिहिलेल्या मजकुरात आवाज नसतो, तेव्हा शंकेचा फायदा लिहिणाऱ्याला द्या. प्रकृतीला बरं असतं.

आता तुमच्यावर एक उलट तक्रार. तुमच्या पत्राबरोबर तुम्ही कामाच्या दोन ईमेल नमुन्यादाखल पाठवल्यात. त्यातली एक अशी सुरू होते: ‘जस्ट वॉन्टेड टू चेक’, पुढच्या ओळीत ‘इट्स जस्ट दॅट’, आणि शेवटी ‘जस्ट अ स्मॉल रिमाइंडर’. सात ओळींत तीन ‘जस्ट’. हा ‘जस्ट’ म्हणजे आपलं ‘सहज’. ‘सहज विचारलं हं, आपलं सहज.’ सहज असं सांगून विचारलेलं काहीही कधी सहज नसतं हे ऐकणाऱ्याला पक्कं माहीत असतं. स्वतःचं काम आपणच छाटून छोटं केलं की समोरचाही ते छोटं समजून बाजूला ठेवतो. ‘आय वॉज जस्ट वंडरिंग’ हे कुणाची वेळ मागताना, कुणाला अडचणीत न टाकता विचारताना छान आहे. मी स्वतः वापरते. पण ज्या कामाची मुदत उलटून गेली आहे त्याबद्दल विचारताना ‘जस्ट’ कशाला? लिहून झाल्यावर प्रत्येक ‘जस्ट’ पुसून वाक्य पुन्हा वाचा. अर्थ बदलला, तर तो परत आणा. नुसतंच वाक्य ताठ उभं राहिलं, तर पुसलेलाच राहू दे.

‘जस्ट’च्या जोड्यांबद्दल तुम्ही विचारलेलं नाही, पण एका जोडीने मला स्वतःला तोंडावर पाडलंय, तेव्हा ती सांगितल्याशिवाय राहवत नाही. शिकत असताना माझ्या एका भाषांतरावर बाईंनी लाल शाईने लिहिलं होतं: ‘जस्ट अबाउट रीडेबल.’ मी ‘जस्ट’ म्हणजे अगदी, ‘रीडेबल’ म्हणजे वाचनीय, असा हिशोब केला आणि ते पान घरी सगळ्यांना दाखवत फिरले. ‘जस्ट अबाउट’ म्हणजे जेमतेम, काठावर. बाईंचं म्हणणं होतं की हे कसंबसं वाचता येतं. हे मला दोन वर्षांनी कळलं, आणि तोवर ते पान जपून ठेवलेलं होतं. अजूनही आहे, पण आता वेगळ्या कारणासाठी.

‘ओन्ली जस्ट’ही त्याच काठावरचा: ‘वुई ओन्ली जस्ट मेड इट’, थोडक्यात पोचलो, दार लागतच होतं. आणि नुसता ‘जस्ट’ कधी कधी दोन्ही डगरींवर पाय ठेवतो. ‘इट जस्ट फिट्स’ म्हणजे जेमतेम बसतं, कोंबून. पण ‘इट्स जस्ट राइट’ म्हणजे चपखल, याहून बरं होणार नाही. ‘नॉट जस्ट यट’ म्हणजे इतक्यात नको. ‘जस्ट इन केस’ म्हणजे असू दे जवळ, लागलं तर. ‘जस्ट लाइक दॅट’ मात्र दोन वाटांनी जातो: हुबेहूब तसंच, किंवा काही कारण नसताना, बसल्या बसल्या. ‘ही लेफ्ट, जस्ट लाइक दॅट’ यात कुणासारखा गेला असं विचारू नका. तो असाच गेला, उठून, काही न सांगता.

सवयीसाठी एक वही करा. पण तिच्यात ‘शब्द’ आणि ‘अर्थ’ असे दोन रकाने आखू नका, ते रकानेच तुम्हाला इथवर घेऊन आले. ऐकलेलं किंवा वाचलेलं ‘जस्ट’चं अख्खं वाक्य लिहा, आणि खाली तेच तुम्ही घरात कसं बोलला असता ते लिहा. चूल, भांडण, फोन, जे असेल त्या भाषेत. कुठे ‘च’ येईल, कुठे ‘जरा’, कुठे ‘नुसतं’, कुठे ‘आपलं सहज’, कुठे ‘टाक’. काही वाक्यांत काहीच येणार नाही, मराठीत ती जागा रिकामी राहील आणि तरी वाक्य पुरं वाटेल. तीही नोंदवा, ती सगळ्यात कामाची. ‘फक्त’ हा शब्द पहिले पंधरा दिवस वहीत बंद ठेवा. तो आळशी माणसाचा ‘जस्ट’ आहे. कुठेही अर्धवट बसतो, म्हणून आपण तो सगळीकडे बसवतो.

राहता राहिली गळ्यात पडलेली योजना. गप्प बसून ती पुढे नेऊ नका, नाहीतर सहा महिन्यांनी मला दुसरं पत्र येईल. त्याच ठिकाणी, त्याच लोकांना लिहा. सुरुवातीला ‘जस्ट वॉन्टेड टू क्लॅरिफाय’ अजिबात नको. माफी एका शब्दात, आणि मग थेट:

‘सॉरी. आय रोट दॅट आय डोन्ट जस्ट लाइक धिस प्लॅन. आय मेन्ट दॅट आय जस्ट डोन्ट.’

दुसऱ्या ‘डोन्ट’नंतर काही लिहू नका. हसतील ते, हसू दे. खालच्या ओळीत योजनेतल्या तुम्हाला न पटलेल्या दोन गोष्टी लिहा, आणि पाठवून टाका.